ग्राहकमित्र क्रमांक एक्केचाळीस

माझ्या वहिनीला काळजी करायला निमित्त लागत नाही. गॅस बंद आहे का हे ती तीनदा बघते. बाहेर पडताना कुलूप ओढून बघते आणि वळणावरून परत येऊन पुन्हा एकदा ओढते. "हिच्या काळजीला पगार असता तर आपण बंगल्यात राहिलो असतो," असं दादा म्हणतो. खरं तर त्याने असं बोलू नये. त्याचा कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं. तो मिळेल ते काम करतो, आणि भाडं, वीज, बाबांची औषधं हे सगळं वहिनीच्या पगारावर चालतं. जिच्या जिवावर घर उभं आहे तिची टर उडवू नये एवढं मला कळतं, पण मी पडले धाकटी, माझं कोण ऐकतंय?

वहिनीची कंपनी पाच-सहा ऑनलाइन दुकानांच्या तक्रारींना उत्तरं देते. कुठल्या दुकानांच्या, ते घरी सांगायचं नाही असं कामाला लागतानाच लिहून घेतलेलं. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, प्रत्येकीसमोर स्क्रीन आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. एका तक्रारीला तीन मिनिटं. उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात, त्यांना नंबर असतात. वस्तू मोडकी निघाली, उत्तर तीन. उशिरा आली, उत्तर सात. वस्तू परत केली पण डिलिव्हरी चार्ज परत मिळाला नाही, तर उत्तर चौदा: 'डिलिव्हरी ही पूर्ण झालेली सेवा असल्याने तिचे शुल्क परत मिळत नाही.' खाली नावाऐवजी नंबर. वहिनीचा नंबर एक्केचाळीस, आणि हुद्दा ग्राहकमित्र. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

सुरुवात बाबांनी केली. बाबांनी सगळी नोकरी वजनकाट्यावर काढली. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला तोलायचा, आणि दोन्हींमधला फरक लिहून द्यायचा. त्यांच्या हिशोबाने जगात प्रत्येक गोष्ट दोनदा तोलली पाहिजे. तर या बाबांनी कोणाला न विचारता अंघोळीला बसायची एक लोखंडी खुर्ची मागवली. "पाय दुखतात, बसून अंघोळ करीन," म्हणाले. आम्ही हसलो. म्हातारपणाचे चोचले, असं मी तोंडावर म्हणाले, आणि ते शब्द आज मला गिळता येत नाहीत.

खुर्ची जड, म्हणून डिलिव्हरी चार्जही सणसणीत. आणि आली ती न्हाणीघराच्या दारापेक्षा दोन बोटं रुंद. आडवी केली, उभी केली, दादाने दाराचं बिजागर काढायची तयारी केली, पण ती काही आत जाईना. तिसऱ्या दिवशी परत पाठवली. परत पाठवण्याचा खर्च बाबांनी मुकाट्याने सोसला, कारण तसं आधी लिहिलेलं होतं. खुर्चीची किंमत परत आली. डिलिव्हरी चार्ज मात्र आला नाही.

बाबा ग्राहक कार्यालयात जाऊन माहितीपत्रक घेऊन आले आणि चष्मा पुसून त्यांनी ते मला वाचून दाखवलं. पूर्ण ऑर्डर मुदतीत परत केली, तर दुकानाने वस्तूच्या किमतीबरोबर नेहमीचा डिलिव्हरी चार्जही परत द्यायचा. लवकर हवी म्हणून जादा पैसे मोजले असतील, तर तेवढी जादा रक्कम मिळत नाही. "मी कुठे लवकर मागवली होती? लिही तक्रार," बाबा म्हणाले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. तक्रारीची सुरुवात त्यांनी 'सस्नेह नमस्कार'ने केली. मी म्हटलं, "बाबा, भांडायचंय ना आपल्याला?" तर म्हणाले, "भांडणालाही रीत असते."

दोन तासांत उत्तर आलं. उत्तर चौदा.

संध्याकाळी वहिनी घरात आली तेव्हा बाबा ते उत्तर मोठ्याने वाचत होते. "ग्राहकमित्र क्रमांक एक्केचाळीस! मित्र म्हणे! केसाने गळा कापणारा मित्र!" वहिनीने एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच राहिली. ती तशीच दारात उभी होती. मला वाटलं, दमली असेल.

स्वयंपाकघरात तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"वन्सं, एक्केचाळीस मीच आहे."

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा बघितला आणि हसू मावळलं.

"अगं, पण वर बाबांचं नाव होतं! आपला पत्ता होता!"

"मी नाव वाचत नाही," ती म्हणाली. "विषय बघते आणि नंबर दाबते. आधी वाचायची. नाव वाचलं की माणूस दिसतो, आणि मग तीन मिनिटांत होत नाही. अकरा वर्षं या घरात आहे, आणि बाबांचं नाव समोर असताना मी चौदा दाबलं."

रडता येईना म्हणून ती ओटा पुसत राहिली. हळूहळू एकेक गोष्ट सांगत गेली. नात्यातल्या माणसाची तक्रार आली तर ती ताबडतोब वर कळवायची, स्वतः हात लावायचा नाही. लावला तर थेट घरचा रस्ता. आणि तिने तर उत्तरही पाठवून दिलं होतं. बाबांनी पुन्हा लिहिलं की ती तक्रार फिरून तिच्याकडेच येणार, तशीच पद्धत होती. पुन्हा चौदा पाठवावं, तर बाबा ग्राहक कार्यालयात जाणार, आणि कंपनी एक्केचाळीसला पुढे करून हात झटकणार. पैसे परत द्यावेत, तर आपल्याच सासऱ्याला दिले म्हणून पकडली जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"बाबांना सांगून टाक," मी म्हटलं.

"सांगितलं तर ते तक्रार मागे घेतील. पैसे त्यांच्या हक्काचे आहेत, आणि माझ्या नोकरीसाठी ते गप्प बसतील. मग मी रोज त्यांच्यासमोर चहा कुठल्या तोंडाने ठेवू?"

पुढचे चार दिवस आमच्या घरात एक्केचाळीस नावाचं माणूस राहायला आल्यासारखं झालं. दूध उतू गेलं, की बाबा म्हणायचे, "एक्केचाळीसचं काम." दादा तर जेवताना विचारायचा, "तुमचा मित्र काय म्हणतोय?" आणि दोघं हसायचे. वहिनी ताटातला घास इकडचा तिकडे करायची. कुलूप ती आता पाच-पाचदा ओढत होती. फोन वाजला की दचकत होती. "हिला काय झालंय?" दादाने मला विचारलं. मी तिचं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

बुधवारी दुपारी बाबांनी लॅपटॉप मागितला. "या वेळी मीच लिहिणार," म्हणाले आणि खोलीचं दार लावून घेतलं. एका बोटाने टकटक करत दोन तास लिहीत होते. बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, "शेवटची संधी दिलीय. नाही ऐकलं, तर परवा ग्राहक कार्यालय." मी वहिनीला कळवलं. तिचा नुसता 'बरं' असा मेसेज आला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ती तक्रार तिच्या स्क्रीनवर आली. पुढचं तिनेच मला सांगितलं. या वेळी तिने नाव वाचलं, आणि कोपऱ्यातलं घड्याळ पळत असताना खालची प्रत्येक ओळ वाचली.

'सस्नेह नमस्कार. आपण माझं पहिलं पत्र वाचलं नसावं असं वाटतं. खुर्ची मी हौसेने मागवली नव्हती. गेल्या दोन महिन्यांत मी न्हाणीघरात दोनदा पडलो. घरी सांगितलेलं नाही. मुलाचं काम गेलेलं आहे. सून दिवसभर राबते, तिच्या डोक्याला आधीच पुष्कळ घोर आहे, त्यात माझी भर नको. माझे हक्काचे पैसे परत केलेत तर त्यात थोडी भर घालून अरुंद खुर्ची घेता येईल. तोवर भिंतीला धरून उभा राहतो. आपण तरुण असाल, आपल्याही घरी कोणी म्हातारं माणूस असेल.'

तीन मिनिटं संपली, स्क्रीन लाल झाली, शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं. वहिनीने परताव्याचं बटण दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं: 'ग्राहक माझे सासरे आहेत. पैसे कायद्याने त्यांचे आहेत. पहिलं उत्तर मीच पाठवलं होतं आणि ते चुकीचं होतं. आजवर पाठवलेली सगळी चौदा नंबरची उत्तरं अशीच तपासावी लागतील.' मग ती स्वतः उठून सुपरवायझरकडे गेली. सुपरवायझर वाईट माणूस नाही म्हणे. त्याने ते दोनदा वाचलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, "शेवटचं वाक्य तरी लिहायला नको होतंत." चौकशी होईपर्यंत घरी थांबा म्हणाला आणि ओळखपत्र ठेवून घेतलं.

मी पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसले होते. मी दिवसभर घरीच असते, शिवणकाम करते. बाबा दोनदा पडले तेव्हाही मी इथेच असणार. यंत्र चालू असलं की मला काही ऐकू येत नाही, आणि ते मी नेहमी कौतुकाने सांगत आलेय. एक वाजता वहिनी दारात दिसली तशी मी यंत्र थांबवलं. तिच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. कुलूप, चपला, पर्स, कशाकडेच तिचं लक्ष नव्हतं.

"बाबा कुठे आहेत?"

"अंघोळीला. का गं? काय झालं?"

ती माझ्यासमोरून तशीच न्हाणीघराकडे गेली. आत नळ चालू होता. दाराशी जाऊन ती म्हणाली, "बाबा, कडी काढा."

"कोण? सूनबाई? आज लवकर?"

"कडी काढून ठेवा, बाबा. दार लोटलेलं असू दे. मी इथेच बाहेर बसते."

"काहीतरीच काय! मला काय झालंय?"

"भिंतीला धरून उभं राहायचं नाही."

आतला नळ बंद झाला. मी कापडाचा तुकडा हातात तसाच धरून उभी होते.

"हे तुला कोणी सांगितलं?" बाबांचा आवाज आला.

वहिनी ओल्या फरशीवर दाराला टेकून बसली.

"तुम्हीच," ती म्हणाली. "एक्केचाळीसला."

मग कडी निघाल्याचा आवाज आला.