तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजात त्र्याहत्तर साली सूर्यभानला सगळे ‘चौकशीखातं’ म्हणून चिडवत. लाइनीत खरखर असली की बाकीचे ऑपरेटर एकच पालुपद धरत, ‘पुन्हा सांगा, पुन्हा सांगा!’ पलीकडचा माणूस मग बेंबीच्या देठापासून ओरडे आणि होतं तेवढंही कळेनासं होई. सूर्यभानची तऱ्हा वेगळी. माणसानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली म्हणजे आपला अंदाज चुकला, हे तो धरूनच चालायचा. तो अंदाज बाद. दोन्ही वेळी जे जे कळलं ते कागदावर शेजारी शेजारी लिहायचा आणि अडलं तेवढंच विचारायचा. तेही असं, की नुसतं ‘हो’ म्हणून कुणाला सुटता येऊ नये.

हे शहाणपण त्याला फुकट मिळालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कोल्हारच्या पोस्टातून रंगुबाईचा फोन आला. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली बाई; नवरा आसाराम उसाच्या गाडीखाली सापडलेला. त्याला श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलंय, हा निरोप नगरच्या अडतीवर हमाली करणाऱ्या मुलाला, गोरक्षला, द्यायचा होता. सूर्यभानला गावाचं नाव नीट कळलं नाही. “संगमनेर का?” बाईनं पुन्हा श्रीरामपूरच सांगितलं. तो वैतागला. “संगमनेरच ना?” बाई गांगरली. साहेब म्हणतात म्हणजे मालकाला तिकडंच हलवलं असेल.

“व्हय सायेब, तुमी म्हनता तसंच.”

सूर्यभाननं अडतीवर तसाच निरोप दिला आणि गोरक्ष संगमनेरला गेला. शोधत शोधत श्रीरामपूरला पोचला, तोवर बाप गेला होता.

तेराव्यानंतर मायलेक एक्स्चेंजच्या दारात आले. गोरक्ष संतापलेला. “निरोप कुनी दिल्ता?”

सूर्यभान उठायच्या आतच रंगुबाई म्हणाली, “सायबांवर राग नगं धरू. मीच व्हय म्हनले.” लेक इतके दिवस आईशी धड बोलला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

सूर्यभानची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं. पण तो उठून त्या माउलीशेजारी येऊन उभा राहिला.

“तुझी आई दोनदा बरोबर बोलली रे,” तो म्हणाला. “मीच ऐकलं नाही. तिसऱ्यांदा मी तिच्याकडून वदवून घेतलं.”

गोरक्ष आईकडं वळला. “दोनदा सांगितलं हुतंस? मंग मला का न्हाई बोललीस?”

“तू कुठं इचारलंस, बाबा,” रंगुबाई म्हणाली.