सुभेदारांची सही

असे किस्से कुणी जमवायला बसत नाही. शनिवारच्या वर्गाला कुलूप लावून घरी आलं, की एखादा पिशवीतच सापडतो. ज्या मुलांचं आकड्यांशी जमत नाही, त्यांच्यासाठी शैलाताई आणि मी विश्रामबागेत हा वर्ग चालवतो. डिस्कॅल्क्युलिया म्हणतात त्याला. मूल हुशार असतं, फक्त आकडा डोक्यात टिकत नाही.

पलूसची तेजू त्यातलीच. निबंध असा लिहिते, की मी दोनदा वाचते. पण दहावीच्या पहिल्याच चाचणीत गणित गेलं. बोर्डातही गेलं तर कराडचं कॉलेज राहिलं, आणि तिला तर मराठीची प्राध्यापक व्हायचंय.

*

पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "एकोणसाठ लिही." तिने सहा लिहिला, खोडला, पाच लिहिला आणि थांबली.

"मॅडम, म्हणायचं साठ आन् लिहायचा पाच. हे कुणी ठरवलं?"

शैलाताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खडू शोधायला लागले.

*

मोजणी हाताला कळावी म्हणून तिला शंभर मण्यांची माळ घरी दिली. दहा लाल, दहा पिवळे, पुन्हा दहा लाल, अशी. पुढच्या शनिवारी माळ गायब! आजीने ती देवघरात नेली होती. बऱ्याच दिवसांनी परत आली ती निरोपासकट.

"माळ झ्याक हाय, पर जपाला आठ मणी कमी पडत्यात."

*

मग चौकटीची वही आणली. एका घरात एकच आकडा, म्हणजे एकक-दशक इकडेतिकडे सरकत नाहीत. तेजूची पानभर गणितं बरोबर आली. मी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या, तर तिने वही परत माझ्यापुढे सारली.

"नीट बघा की, मॅडम. माझी हायती ही."

मला रडूच आलं. ते लपवायला मी शैलाताईंवर ओरडले, पंखा कुणी बंद केला म्हणून. पंखा चालूच होता.

*

यथावकाश डिस्कॅल्क्युलियाचा दाखला मिळाला. त्यावर परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरता येतो, फक्त अर्जावर पालकांची सही लागते. तेजूचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. लेकीला रोज पहाटे अंगणात सावधान उभं करून पाढे म्हणवून घेणारे. ते सही करायला तयारच होईनात.

"फौजेत आमाला कुणी सवलत दिली न्हाई."

"दुर्बीण दिली होती ना?" शैलाताईंनी विचारलं.

"ती समद्यांनाच देत्यात," म्हणाले आणि निघून गेले.

*

अर्जाची मुदत संपत आली, आणि एका शनिवारी सुभेदार आपणहून आले. बूट दाराबाहेर जोडीने ठेवले, लहान मुलांच्या बाकावर ताठ बसले.

"ते यंत्र चालवून दाव," तेजूला म्हणाले. मग पहाटेच्या खड्या आवाजात, "सतरा आठे?"

तेजूने बटणं दाबली. "एकशे छत्तीस."

सुभेदारांनी यंत्र हातात घेऊन तो आकडा बघितला.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, अर्ज ओढला आणि सही केली. शैलाताईंनी एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

पेनाला टोपण लावता लावता सुभेदार लेकीकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "एकशे छत्तीस बरोबर हुतं का गं?"