नळ आला त्या दिवशी

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी बोरीत बारा दिवसांनी नळ आला. मामांची मोटरसायकल दारात, माझी बॅग ओसरीवर, आणि आई पदर खोचून पाईप या टाकीतून त्या टाकीत टाकायच्या घाईत. पाया पडले तेही ओल्या फरशीवर. "जाय बाई, नीट जाय. मी काय स्टँडवर येत न्हाई, पाणी जाईल," एवढंच बोलली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच. स्टँडवर दुसऱ्या गल्लीतल्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांच्या पाण्याचा दिवस वेगळा. परभणीला रेल्वेत बसेपर्यंत मी मागे वळून बघत होते. आई आली नाही, तो राग मी पुढे चार वर्षं जपला.

इथे मी वृद्धाश्रमात काम करते. सकाळपासून सात-आठ म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची. पहिल्याच आठवड्यात एका आजींना साबण लावताना मी सवयीने शॉवर बंद केला. आजी कुडकुडल्या, मग ओरडल्या. पाणी चालूच ठेवायचं असतं, असं मोठ्या सिस्टरने समजावलं. ठेवलं चालू, पण माझी नजर खालच्या जाळीवर. एवढं चांगलं पाणी नुसतंच चाललेलं बघवत नव्हतं. खोलीवर तर महिनाभर मी पातेली भरून ठेवत होते आणि पाणी शिळं झालं म्हणून ओतून पुन्हा भरत होते. हसू नका. तुमच्यातल्या बाहेर गेलेल्या कितीजणींनी हेच केलंय, मला माहीत आहे.

मग ते सुटलं. आता शिफ्टवरून आले की चपला काढायच्या आधी नळाखाली हात धरते. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालून पाठ धरलेली असते. अशा वेळी निदान पाणी तरी वाट बघायला लावत नाही, याचे खरंच उपकार वाटतात. आणि लाजही वाटते.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेले. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "न्हाऊन घे." न्हाणीत दोन बादल्या आणि एक घागर भरलेली होती. प्रवासाचा शीण, केसांत धूळ. मी सगळं संपवलं. संपवलं हे ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरात नव्हती. मारुतीच्या देवळामागच्या हापशावर सापडली. नळ यायला अजून पाच दिवस होते, आणि तिचं जपून ठेवलेलं पाणी मी एका अंघोळीत उडवलं होतं. घागर घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. तू पाव्हणी हायस."

माझं डोकंच फिरलं. बायकांसमोर मी ओरडले, "पाव्हणीला पोचवायला त्या दिवशी स्टँडवर का नाही आलीस मग?"

आई दांडा हाणत राहिली. घागर भरल्यावर म्हणाली, "इमान चुकलं असतं, न्हाईतर तुझं मन फिरलं असतं, अन् माघारी आली असतीस, तर घरात पाणी नको का?"

मी पुन्हा घागरीला हात घातला. घागर शेवटी तिनेच उचलली.

आता फोनवर बोलता बोलता ती मधेच म्हणते, "नळ आलाय, ठिवते." मला राग येत नाही. इथे कुणी घर कुठलं विचारलं तर मी बोरी सांगते. तिथे न्हाणीत अजूनही एक घागर माझ्या नावाने भरलेली असते. मी येणार नाही हे दोघींनाही माहीत आहे. पुढचा नळ आला की आई ते शिळं पाणी कढीपत्त्याला घालते, आणि घागर पुन्हा भरून ठेवते.