केस न गळणारं कुत्रं

सरदार नालबंदाच्या हाताखाली जनावर शांत उभं राहतं, हे नांदेडात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. त्याचा आजा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. टांगे गेले तसा बाप बैलांकडे वळला. सरदारनं तर मिसरूड फुटायच्या आधीपासून उमरी, हिमायतनगरचे आठवडी बाजार पालथे घातले. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचे, खुराला लोखंडी पत्री ठोकायची. पुढं दारोदार ट्रॅक्टर आले आणि दिवसभर बाजारात बसून एक बैल मिळेना.

त्याच दिवसांत शिवशंकर नावाच्या तरुण माणसानं शहरात कुत्र्यांचं दुकान काढलं. एका लॅब्रॅडॉरची नखं वाढून पंज्यात रुतली होती आणि ते कुणालाच हात लावू देईना. कुणीतरी म्हणालं, सरदारला बोलवा. सरदार आला, कुत्र्याच्या शेजारी जमिनीवर बसला, थोडा वेळ नुसता त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला आणि मग एकेक पंजा मांडीवर घेऊन सगळी नखं कापून मोकळा झाला. शिवशंकर म्हणाला, "चाचा, तुम्ही आता हिथंच राहा." या गोष्टीला आठ वर्षं झाली. सरदार आता बावन्न वर्षांचा होता. कुत्र्यांना अंघोळ घालणं, केस कापणं, कान साफ करणं, मादी व्याली की तिच्याजवळ बसणं, हे सगळं त्याच्याकडे होतं.

घरी त्याची बायको उजमा त्याला अंगणातच थांबवायची. कुत्र्याच्या लाळेचे कपडे तिथल्या बादलीत, अंघोळ, मग घरात. या कामावरून ती कधी भांडली नाही, पण कपडे काठीनं उचलायची.

दोन वर्षांपूर्वी शिवशंकरनं हैदराबादहून कुरळ्या केसांचा एक पूडल नर आणला आणि आपल्या जुली नावाच्या कॉकर मादीशी त्याची जोड लावली. पिल्लं झाली ती खेळण्यातल्या अस्वलासारखी. मोबाईलवर व्हिडिओ टाकला आणि परभणी-लातूरपासून फोन सुरू झाले. शिवशंकर प्रत्येकाला सांगायचा, "या जातीचे केस गळतच न्हाईत. घरात दम्याचा माणूस असला तरी चालतंय."

सरदारच्या बोटांना वेगळंच कळत होतं. एकाच वेताच्या चार पिल्लांत एकाचे केस कुरळे, एकाचे सरळ, एकाचे मऊ कापसासारखे आणि रोज गुंतणारे. मोठेपणी कोण कसं निघेल, गळेल की न गळेल, हे दीड महिन्याच्या पिल्लावरून सांगणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं. त्यानं एकदा शिवशंकरला तसं म्हणूनही पाहिलं. शिवशंकर हसला. "चाचा, तुम्ही बैलांचे डॉक्टर. ह्यातलं इंटरनेटवर सगळं हाय." सरदारनं पुन्हा तो विषय काढला नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा त्याला आता शीण यायचा.

अशात एके दिवशी उमरीचे वैजनाथ गुरुजी दुकानात आले. निवृत्त शिक्षक, घरची शेती, त्यांच्या बैलांना सरदारनं वीस वर्षं पत्री ठोकली होती. सोबत नऊ वर्षांची नात सृष्टी. तिला दमा होता आणि कुत्र्याचं वेड होतं. घरात दोन वर्षं हाच वाद चाललेला. गुरुजींनी शिवशंकरचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग सरदारकडे वळून विचारलं, "सरदार, तू सांग. तुझ्या हाताखालून जनावर जाऊन राहिलंय. ह्या पोरीला सोसंल का?"

सृष्टीनं पिल्लू छातीशी धरलं होतं. शिवशंकर मोबाईल चाळत उभा होता. सकाळपासून सात कुत्र्यांना अंघोळी घालून सरदारची कंबर धरली होती.

"पिल्लू चांगलं हाय, गुरुजी," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पिल्लू खरंच चांगलं होतं. पण गुरुजींनी ते विचारलं नव्हतं. गुरुजींनी मान डोलावली, पिल्लाचं नाव तिथंच बुंदी ठरलं, आणि आजोबा-नात आगगाडीनं उमरीला गेले.

सात महिन्यांनी ते परत आले. बुंदी पिशवीत होती आणि कुणी हात लावला की कळवळत होती. तिचे केस कातडीलगत इतके घट्ट झाले होते की सरदारला आज्याच्या घरातला नमदा आठवला, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो. गुरुजींच्या सुनेनं, तनुजानं, रोज फणी फिरवली होती. पण ती वरवरच फिरायची आणि आत गाठी बसत गेल्या. काखेत कातडी सोलवटली होती. आणि सृष्टीला महिन्याभरात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

"डॉक्टर म्हणतेत, केसांचं न्हाईच ते," गुरुजी म्हणाले. "कातडीचा कोंडा, लाळ. ते हरेक कुत्र्याला असतंय. तुम्ही तर छातीठोक सांगितलं होतं."

सरदारनं बुंदीला टेबलावर घेतलं आणि मशीन लावलं. मागं दोघांचा वाद सुरू झाला.

"गुरुजी, मी फसवलं न्हाई," शिवशंकर म्हणाला. "आईबाप दोन्ही निरोगी हायत. ते निळ्या डोळ्यांचे बर्फातले कुत्रे आणतेत लोक, आपल्या मे महिन्यात धापा टाकून मरतेत. चपट्या नाकाच्यांना श्वास घेता येत न्हाई. त्यापेक्षा दोन जाती मिसळल्या तर काय वाईट केलं?"

"मिसळायचंच असंल तर आमच्या गल्लीतले कुत्रे रोज मिसळून राहिलेत," गुरुजी म्हणाले. "तिथलं एखादं उचलून आणलं असतं. निदान कुणी खोटं तरी बोललं नसतं."

"मग तिथलं घ्यायचं होतं की! तुम्हालाच टेडीसारखं पाहिजे होतं. लोक मागतेत म्हणून मी करतो."

"तुम्ही दाखवता म्हणून लोक मागतेत!"

"आबा," सृष्टी म्हणाली, "पण मग बुंदी आलीच नसती ना."

दोघंही टेबलाकडे वळले. नमदा अखंड निघून टेबलावर पडला आणि खालून लहानसं, गुलाबी, थरथरणारं अंग बाहेर आलं. सरदारनं मशीन बंद केलं.

"मला म्हाईत होतं, गुरुजी," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं तवा मला म्हाईत होतं. ह्याचे केस गुंततेत आणि दम्याचं कुणीच सांगू शकत न्हाई. मी बोललो न्हाई."

शिवशंकरवर गुरुजी इतका वेळ ओरडत होते, सरदारवर ओरडले नाहीत. "ह्याचं सोड," ते म्हणाले, "ह्याचा धंदा हाय. मी तुला विचारलं होतं." त्यांनी बुंदीला टॉवेलात गुंडाळलं आणि नातीचा हात धरून निघून गेले.

त्या संध्याकाळी सरदारनं अंघोळ झाल्यावर उजमाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तुमकू मालूम था तो बोले कायकू नइ?" तिनं विचारलं. भीती होती म्हणावं, तर शिवशंकरनं सरदारला कधी दटावलं नव्हतं. थकलो होतो, एवढंच खरं होतं, आणि ते बायकोपुढं म्हणायलाही त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तो बोलू लागला. गिऱ्हाईक आलं की सांगायचा, महिन्या-दीड महिन्याला केस कापावे लागतील, दमा असंल तर आधी चार दिवस कुत्रं असलेल्या घरी बसून बघा. काही जण आभार मानून परत जायचे. काही जण त्याच्याकडे नोकर जास्त बोलतो अशा नजरेनं बघायचे आणि पिल्लू घेऊन जायचे. शिवशंकरनं महिनाभर सोसलं. मग म्हणाला, "चाचा, तुम्ही आतल्या खोलीतच थांबत जा." सरदार आत थांबू लागला.

त्यानं दुकान सोडलं ते जुलीवरून. चार वेतं झाली होती. तिचं पोट लोंबायला लागलं होतं, पाठीचे केस विरळ झाले होते आणि नर आणला की ती टेबलाखाली शिरायची. तिला धरून ठेवायचं काम सरदारचं. पाचव्या वेळी त्यानं तिच्याकडे पाहिलं, ती त्याच्याकडे बघत होती.

"मी धरणार न्हाई, शिवाभाऊ."

"आता ही शेवटचीच, चाचा. मग ऑपरेशन करून टाकू. आईशप्पथ."

"करा तुम्ही. पण मी धरणार न्हाई."

शिवशंकरला राग आला नाही, वाईट वाटलं. आठ वर्षांची सोबत होती. सरदारनं कात्र्या पुसून पिशवीत भरल्या. जुली टेबलाखालीच होती. तिला तो उचलून नेऊ शकला असता असं नाही. तिच्या पाचव्या वेताला पाच पिल्लं झाली, सगळी आठवड्यात दगावली. त्यानंतर मात्र शिवशंकरनं शब्द पाळला, तिचं ऑपरेशन केलं. आणि आता तो गिऱ्हाइकांना 'केस गळत न्हाईत' म्हणत नाही, 'कमी गळतेत' म्हणतो, असं सरदारच्या कानावर आलं.

सरदार आता जुन्या मोपेडवर मशीन घेऊन घरोघर फिरतो. दर दीड महिन्यानं तो उमरीला जातो. पहिल्या खेपेला तो न बोलावता गेला होता. गुरुजी ओसरीवरून उठून आत गेले. तनुजानं बुंदीला बाहेर आणून दिलं आणि चहा ठेवला. बुंदी गोठ्याशेजारच्या खोलीत राहते. सृष्टी तोंडाला रुमाल बांधून अंगणात तिच्याशी खेळते, मग हातपाय धुऊन कपडे बदलते. फार लाड करता येत नाहीत म्हणून कधी कधी रडते. पण दवाखान्यात ठेवायची पाळी पुन्हा आली नाही. तिसऱ्या खेपेला गुरुजी बाहेर येऊन बसले. चौथ्या खेपेला त्यांनी बुंदीचं डोकं धरलं.

या महिन्यात केस कापून होत आले तेव्हा ते म्हणाले, "निलंग्याला माझा भाचा हाय, भुजंग. त्याच्या पोराला असलंच कुत्रं पाहिजे म्हणे. काय सांगू?"

"फोन लावा. मी बोलतो."

सरदार पंधरा मिनिटं बोलला. केस, कातडी, खर्च, जुलीचं पोट, काही लपवून ठेवलं नाही. पिल्लाची आई दाखवल्याशिवाय कुणाकडून घेऊ नका, आणि तुमच्या निलंग्यातच रस्त्यावरची चार पिल्लं गुणी निघतील, हेही सांगितलं. भुजंगनं मध्ये एकदाही त्याचं बोलणं तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तुमचं पटतंय, चाचा. पण पोरानं रंग पण ठरवून ठेवलाय. तुम्ही केस कापायला निलंग्याला येता का?"

सरदारनं फोन जरा लांब धरला आणि डोळे मिटून घेतले. गुरुजींनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतो?

"घेणारच हाय," सरदार त्यांना म्हणाला. मग फोन कानाला लावला. "येतो. पण मोपेडवर लई लांब पडतंय. सकाळच्या एसटीची वेळ तेवढी मला सांगा."