साडेचार डॉलरची कडी

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि कुणी बंदुकीलाही हात लावला नव्हता. मी या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात केल्या. त्यातली एक करायला नको होती, असं घरात सगळ्यांचं अजूनही मत आहे. (कुठली, ते मी विचारलेलं नाही.)

बाबा इचलकरंजीत लेथवर टर्नर होते. शैलाआत्या इथे न्यू जर्सीत नर्स, तिने आम्हाला ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं. बाबा पिस्कॅटवेजवळच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये लागले आणि मी बसने वीस मिनिटांवरच्या युनिव्हर्सिटीत. कॉलेजात काय करायचं असतं हे सांगणारं घरात कुणीच नव्हतं. त्यामुळे पहिलं वर्षभर माझ्यासमोर जो फॉर्म येईल, त्यावर मी सही करायचो.

कॉलेजातल्या क्लबांनी सभासद मिळवायला भरवलेल्या जत्रेत सगळ्या टेबलांभोवती गर्दी होती, आणि गर्दीत घुसायचं कसं ते मला आजही कळत नाही. एकाच टेबलाशी कुणी नव्हतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटेच सँडविच खात बसले होते. मला त्यांची दया आली.

"इंटरेस्टेड?" त्यांनी विचारलं.

"यस सर," मी म्हणालो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून!

तो रायफल क्लब होता. ते कोच हॅरिस.

पहिल्या दिवशी मला चटईवर पालथं झोपवून हातात रायफल दिली, तेव्हा भीतीने मी श्वास घ्यायचंच विसरलो. कोच मागे उभे राहून पाहत होते. "चाळीस वर्षांत इतका स्थिर मुलगा पाहिला नाही," ते म्हणाले. इतकं चांगलं मला त्या वर्षात कुणी बोललं नव्हतं. ते काढून घेतलं जाऊ नये म्हणून मी खरं कारण सांगितलं नाही.

टीम पाच जणांची. चार नक्की होते. पाचवी जागा मला मिळणार किंवा ट्रेवरला, आणि ते शनिवारच्या चाचणीत ठरणार होतं. टीममध्ये येणाऱ्याला गडद निळं जॅकेट मिळायचं, पाठीवर आडनाव. मी तोवर लायब्ररीच्या पायऱ्यांवर एकटाच डबा खात असे. ते जॅकेट घालून त्याच पायऱ्यांवर बसलं, तर निदान 'हा कुणीतरी आहे' एवढं तरी लोकांना वाटेल, असं माझं साधं गणित होतं. मला ते जॅकेट इतकं हवं होतं, की मी त्याबद्दल घरीसुद्धा बोललो नाही.

"रायफल क्लबची, ती कपाटातून बाहेर जाणार नाही," कोच म्हणाले. "पण क्लबचे स्कोप माझ्याएवढे म्हातारे झालेत. स्वतःचा आण. आणि ऐक, स्कोप मध्यम घेतलास तरी चालेल. कडी मात्र स्वस्तातली घेऊ नकोस."

स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण, आणि कडी म्हणजे तिला रायफलीशी घट्ट धरून ठेवणारी दोन लोखंडी वळी. स्कोप सेलमध्ये एकशेवीसला होता. कोचनी लिहून दिलेली कडी साठला.

हा आकडा घरी सांगितला आणि बाबांनी जेवण थांबवलं.

"दुर्बिणीला पैसे देऊ. तिच्यात भिंगं आहेत. भिंग घासायला अक्कल लागते. पण कडं काय करतं?"

"धरून ठेवतं."

"तुझ्या आईनं मला वीस वर्षं धरून ठेवलंय. तिला कुणी साठ डॉलर दिले?"

"कुणी देत असेल तर सोडते!" आई ओट्यापासून म्हणाली.

"अरे, असली कडी मी यंत्रमागाच्या पार्टात दिवसाला शंभर काढायचो!"

"मग बाबा, तुम्हीच करा ना."

"मालकाच्या मशीनवर घरचं काम?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भाताकडे पाहिलं.

तेवढ्यात शैलाआत्या आली. तिच्याकडे अमेरिकेतल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं: तीस दिवसांत परत! तिच्या घरातल्या निम्म्या वस्तू पाहुण्या म्हणून येतात आणि महिन्याभरात आपापल्या दुकानात परत जातात. एक व्हॅक्यूम क्लीनर तर तिने दिवाळीची साफसफाई उरकून, पुसून, वासाची पावडर लावून परत केला होता.

"स्कोप घ्या," तिने निकाल दिला. "टीममध्ये आला तर ठेवू, नाही आला तर परत. कडी मी बघते."

ते दिवस असे होते, की माझ्या रंगाच्या मुलाने दुकानात जाऊन रायफलीचं काही मागायचं म्हणजे आधी घरी बैठक घ्यावी लागे. ठरलं असं: मी युनिव्हर्सिटीचं नाव असलेला स्वेटशर्ट घालायचा, आत्याने नर्सचा युनिफॉर्म, आणि बाबांनी हसतमुख राहायचं. बाबा पार्किंगपासून जे हसायला लागले ते थेट काउंटरपर्यंत, दात झाकलेच नाहीत. त्यामुळे तिघांत संशयास्पद असे तेच दिसत होते! काउंटरवरच्या पोराला कशाचंच काही नव्हतं. त्याला फक्त जास्तीची वॉरंटी विकायची होती.

कडी आत्याने रविवारच्या फ्ली मार्केटमधून घेतली, मोज्यांचे गठ्ठे आणि जुने मिक्सर यांच्या मधून.

"सहा डॉलर," विकणारा म्हणाला.

"दोन्ही मिळून?"

"जोडी आहे, मॅम."

"म्हणजे वस्तू एकच झाली ना! चार."

साडेचारला मिळाली. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना गावाचं. आत्या म्हणाली, "नाव नाही म्हणूनच स्वस्त. नावाचेच पैसे घेतात मेले."

घरी येऊन बाबांनी कडी हातात घेतली, खिशातलं मापाचं व्हर्नियर दोनतीनदा फिरवून लावलं. मग म्हणाले, "शैला, हे कडं नाही. हा बटाटा आहे."

"गोल आहे ना?"

"बटाटाही गोल असतो."

पण आत्याची खरी काळजी वेगळीच होती. कडी आवळली की स्कोपच्या नळीवर रेघ उमटणार, आणि रेघ उमटली की दुकान परत घेणार नाही. तेव्हा तिने आईकडून भांडी झाकायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म मागून घेतली आणि नळीला तीन पदर गुंडाळले. किमतीचा टॅगही सांडू नये म्हणून आतच दाबून ठेवला.

"हे बरोबर नाही," बाबा म्हणाले. "लोखंडाला लोखंडाची पकड लागते."

"दादा, त्याला टीममध्ये येऊ दे. मग काढ प्लॅस्टिक."

बाबांनी दोन बोटांनी, बाळाच्या दुपट्याची गाठ मारावी तसे, स्क्रू फिरवले. मी गप्प होतो. कोचचं वाक्य मला पाठ होतं, पण मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायची आमच्यात पद्धत नाही. (पुढे जे झालं, त्यात या पद्धतीचा वाटा साधारण निम्मा.)

शुक्रवारी खंडेनवमी. आईने पाटावर सगळ्यांची हत्यारं मांडली. बाबांचं व्हर्नियर, आत्याचा स्टेथोस्कोप, माझा कॅल्क्युलेटर आणि मधोमध, कड्यांसकट, स्कोप.

"बंदूक असती तर पाट भरल्यासारखा दिसला असता," आई म्हणाली.

"आई, क्लबचा नियम आहे. आणि हे बघ, भिंगाला कुंकू लावू नकोस हं."

आईने माझं ऐकलं. भिंगाला लावलं नाही. ज्या बाजूने डोळा लावायचा, तिथल्या रबरी कडेवर ओल्या कुंकवाची बोटं लावली, अगदी गोल, एक इंचही न सोडता. "उद्या दसरा. तोवर पुसायचं नाही," तिने बजावलं.

शनिवारी सगळं घर नेमबाजीच्या रेंजवर आलं. आईकडे पुरणपोळीचा डबा, आत्याकडे कॅमेरा, बाबांच्या खिशात पुजलेलं व्हर्नियर. प्रेक्षकांना रेषेच्या मागे बाकावर बसवून कानांवर आवाज थोपवणारे मोठे डबे चढवले. आईने ते अंबाड्यावरून बसवले आणि त्यानंतर ती जे काही बोलली, ते किंचाळून बोलली.

मी चार नंबरच्या लेनमध्ये, ट्रेवर शेजारी पाचमध्ये. समोर प्रत्येकाचा निशाणाचा कागद, दहा-दहा गोळ्या.

माझी पहिली गोळी मध्याजवळ लागली. दुसरी डावीकडे. तिसरी वर. चौथीनंतर माझ्या लक्षात आलं, की स्कोप पुढे सरकतोय! तो जरासा पुढे गेला की दिसायचं कमी व्हायचं, म्हणून मी मान पुढे काढायचो. पुढच्या गोळीला तो आणखी पुढे. तो पुढे, मी मागोमाग. सहावी गोळी कुठे गेली ते न्यू जर्सीलाच ठाऊक. आठव्या गोळीपर्यंत मी रबरात डोळा खुपसला होता आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

दहावी मारून मी मान वर केली. कोचनी माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "सीझ फायर! सगळे थांबा! प्रथमोपचाराची पेटी!"

माझ्या भुवईपासून हनुवटीपर्यंत लाल ओघळ आला होता.

"स्कोपनं भुवई फोडली! पोरा, तुला दिसतंय का? ही बोटं किती?"

"नो सर," मी चाचरत म्हणालो, "धिस इज... धिस इज रिलिजियस."

कोचनी ट्रेवरला सांगितलं, "ह्याला झोपव. हा बरळायला लागलाय."

मागून आईचा आवाज आला, सगळ्या रेंजला ऐकू जाईल असा: "अहो रक्त नाही ते! कुंकू आहे! कुंकू!"

मग आत्या उठली. तिने नर्सच्या अधिकाराने माझ्या पापण्या वर करून पाहिल्या, बोटाने ओघळ पुसला, वास घेतला आणि जाहीर केलं, "नो ब्लड. पेशंट इज ओके. पावडर." ट्रेवर बिचारा पांढराफटक पडला होता. खरा पेशंट तोच होता.

कोचनी माझी रायफल उचलली, स्कोपला हात लावला, तर तो ताकातल्या रवीसारखा गरकन फिरला. त्यांनी स्क्रू काढले. प्लॅस्टिकचा एक पदर निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघाला आणि आतून किमतीचा टॅग टपकन खाली पडला.

कोचनी तो वाकून उचलला.

"व्हाय?" कोचनी अगदी हळू विचारलं.

"थर्टी डेज," आत्या म्हणाली.

कोचनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माझी बायकोही अशीच आहे," ते म्हणाले. मग स्वतःच्या पेटीतून कड्यांची जोडी काढून म्हणाले, "चूक सामानाची होती, मुलाची नाही. ही बसव. नवा कागद लावतो. पुन्हा दहा."

कडी बसवण्याआधी बाबांनी हात पुढे केला. एक कडं मोजलं, दुसरं मोजलं, उजेडाकडे धरून आतून पाहिलं. "शैला," ते मराठीत म्हणाले, "केसाएवढाही फरक नाही. साठ डॉलर कमीच घेतलेत बनवणाऱ्यानं." आणि जशा हातांनी आई पाटावर वस्तू मांडते, तशा हातांनी त्यांनी ती कोचना परत दिली.

आता स्कोप खिळ्यासारखा पक्का बसला. मी पालथा झालो. समोर कागद स्वच्छ दिसत होता. त्यावर आधीची विखुरलेली भोकं होती. ती पाहून मला माझीच लाज वाटली. श्वास सोडला आणि दहा गोळ्या मारल्या. प्रत्येक गोळी सुटताना मला कळत होतं, ही बसली. सातव्या गोळीला तर मला जॅकेटची बाही मनगटाशी जाणवली!

कोच दोन कागद घेऊन आले.

माझा कागद कोरा होता. साफ कोरा. धुऊन इस्त्री केल्यासारखा.

ट्रेवरच्या कागदावर मात्र वीस भोकं. दहा इकडेतिकडे, आणि दहा मधोमध, एका नाण्याखाली झाकली जातील अशी.

'नवा कागद' हे शब्द मी नीट ऐकलेच नव्हते. भोकं पडलेला कागद दिसला, तेव्हा एवढा वाईट कागद माझ्याशिवाय कुणाचा असणार, असं मी धरून चाललो. वर लेनचा नंबर लिहिलेला असतो. तो आधी वाचायचा असतो, हेही मला माहीत होतं.

"मधली माझी नाहीत," ट्रेवर प्रामाणिकपणे म्हणाला. "मी एवढं चांगलं मारत नाही."

कोचनी मधली भोकं एकेक करून मोजली. "यंदाचं सगळ्यात सुंदर शूटिंग आहे हे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कागदावर. आय ॲम सॉरी, सन. शून्य."

पाचवी जागा ट्रेवरला मिळाली. आम्ही गाडीत बसलो. बाबांनी विचारलं, "कडी हलली नाहीत ना?"

"नाही."

"मग हललं काय?"

"मीच, बाबा."

"जाऊ दे," आई म्हणाली. "दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. ह्याच्या गोळ्यांनी केलं."

स्कोप परत करायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीला नळीवर एक रेघ सापडली नाही. आत्याने माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग त्या मुलीने सहज रबरी कडेवरून बोट फिरवलं. बोट लालभडक. स्कोप आमच्याकडेच राहिला.

बाबांना मात्र चैन पडेना. त्या कड्यांनी त्यांची झोप उडवली होती. त्यांनी मालकाला रीतसर विचारून चार रविवार मशीनवर घालवले आणि क्लबच्या सगळ्या जुन्या स्कोपांना नवी कडी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. कोचनी ती मोजली, पुन्हा मोजली आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. पुढच्या आठवड्यात सगळ्या टीमने टाळ्या वाजवून त्यांचा सत्कार केला.

आणि अशा रीतीने ते गडद निळं जॅकेट आमच्या घरी आलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत आमचंच आडनाव आहे: चौगुले. बाबा ते घालून भाजी आणायला जातात. फार थंडी असली, तर लायब्ररीत जाताना मलाही देतात. एकाच अटीवर: टॅग काढायचा नाही.