पिवळ्या बाह्यांचा कोट

संजूचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपुरात मेन रोडवरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसले होते. त्याच्याच मुलीचं, प्राचीचं, लग्न महिन्यावर आलं होतं आणि मला देण्याघेण्यातल्या साड्या घ्यायच्या होत्या. दुकानदार एकामागून एक घड्या मोडत होता. तेवढ्यात संजू म्हणाला, "शोभाताई, उज्जूताई राह्यली नाही गं." मी म्हटलं, काय बोलतोस, काल संध्याकाळीच तिचा फोटो आलाय मला. जणू फोटो आला म्हणजे माणूस जिवंत असल्याचा दाखलाच! तो पुढं बरंच बोलला... मेंदूत रक्तस्राव, पहाटे शेजारणीनं दवाखान्यात नेलं, दारातच संपलं. दुकानदाराला कसली कल्पना असणार? त्यानं राणी रंगाची, काठाला मोर असलेली एक भडक साडी माझ्यासमोर फेकली आणि "ही बघा ताई, एकदम वेगळा पीस," म्हणाला. एरवी असली साडी मी हातात धरली नसती. त्या दिवशी मी "ती द्या" म्हटलं. का म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही.

उज्ज्वला माझी मावसबहीण, संजूची सख्खी थोरली बहीण, माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी. माहेर सोनई, नोकरी पुण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात, वय सत्तेचाळीस. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मापात बसलं नाही." आजार म्हणावा तर साधं डोकंही कधी दुखलं नव्हतं तिचं. आदल्या संध्याकाळी तिनं पाठवलेल्या फोटोत ती आरशासमोर उभी आहे, अंगात नवा कोट. पाठ पोपटी, पुढची पाखं मोरपंखी, कॉलर हाताच्या पंजाएवढी, आणि बाह्या आधीच लांब असताना त्यांना खाली आणखी वीतभर हळदीसारख्या पिवळ्या कापडाची जोड. खाली लिहिलेलं : "हा घालून सोनईला येणार, प्राचीच्या लग्नाला." मी उत्तर पाठवलं, "बाह्या बँडवाल्याच्या वाटतात. एवढ्या लांब कशाला?" तिचं लगेच आलं, "वरून ऑर्डर आहे. लग्नात बघशील." मी हसले आणि भाजी फोडणीला टाकली. कुणाची ऑर्डर, हे विचारायचं सुचलं नाही. घाई कसली होती, महिनाभरात भेटणारच होतो.

आमच्याकडच्या साड्यांचं एक वेगळंच शास्त्र आहे, ते माहीत नसेल तर उज्जू कळायची नाही. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला बाईला साडी घालायचीच, म्हणजे आहेर म्हणून द्यायचीच. पण ती साडी कुणी नेसत नाही. ती ट्रंकेत जाते आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या बाईच्या अंगावर पडते, तिथून तिसरीच्या. माझ्या आईनं राहुरीला दिलेली एक साडी तीन घरं फिरून पुन्हा आमच्याच घरी आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, आणि आईनं ती कपाळाला लावून आनंदानं घेतली. सगळ्यांना सगळं माहीत असतं. साडी फिरवली तर चालते. फाडलेली मात्र चालत नाही. फाडणं म्हणजे देणाऱ्या बाईच्या तोंडावर मारल्यासारखं.

आणि उज्जूनं नेमकं तेच केलं. बारावीत होती. मावशीच्या ट्रंकेतली एक पोपटी साडी न विचारता काढली, घरच्या मशीनवर तिची घेरदार पँट आणि गुडघ्यापर्यंतचा कोट शिवला, आणि तो घालून चुलतभावाच्या लग्नात मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. सोनईत त्या काळी पंजाबी ड्रेस घातलेल्या मुलीकडंही लोक वळून बघायचे. तरी लोकांनी कपडे पचवले असते, "शिकल्याली हाय, करती कायबाय" म्हणून सोडून दिलं असतं. पण तिची चुलतआत्या जवळ आली, कोटाचा काठ बोटांत धरून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही मी कौसाला घातल्याली साडी हाय." झालं. आत्या ताटावर न बसता निघून गेली, आणि दोन घरांचं येणंजाणं काही वर्षं तुटलं. त्या दिवशी कौसामावशी लेकीला एवढंच म्हणाली, "पुन्यांदा असलं घालून माज्या दारात उभी ऱ्हाऊ नको." आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं उज्जू नंतर कितीदा तरी म्हणाली.

पुण्यात गेल्यावर मात्र ती सुटलीच. पगार झाला की पहिली वस्तू घेतली ती जुनी शिलाई मशीन. साडी मात्र ती कधी विकत घ्यायची नाही. ती सोनईला गेली की परतताना मावशी एक पिशवी भरून द्यायची आणि म्हणायची, "साठल्यात लई. तिकडं कोनाला गरजू बाईला दे." उज्जू मान डोलवायची आणि पुण्यात येऊन कात्री लावायची. आईला वाटतं मी वाटून टाकते, असं सांगून ती खुदकन हसायची, पण त्या हसण्यात थोडी चोरी असायची. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की माझे कपडे बघून ती म्हणायची, शोभे, तुझं कपाट म्हणजे ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. मी शाळेत शिक्षिका आहे, मला बदामी, खाकी आणि राखाडी हेच रंग शोभतात यावर माझा ठाम विश्वास आहे. तरी एकदा तिनं मला तिचं जांभळं जाकीट घालायला लावलं आणि कॅम्पात फिरायला नेलं. संध्याकाळची वेळ, काचेच्या मोठाल्या दुकानांपुढं नटून आलेली तरुण पोरं, त्यात आम्ही दोन चाळिशी ओलांडलेल्या बाया. मी आपली फुटपाथच्या कडेकडेनं चालत होते. ही मधून. अंगात तीन साड्यांचा लांबलचक कोट, पाठीवर कुणा वहिनीच्या साडीचा आख्खा पदर, कमरेला रुंद पट्टा, पायात बूट. एक मुलगी धावत आली आणि फोटो काढू का म्हणून विचारलं. मग म्हणाली, मॅम, हे कुठलं आहे? उज्जू अगदी शांतपणे म्हणाली, "सोनईचं." त्या मुलीनं गंभीरपणे मान हलवली आणि मोबाईलवर सोनई शोधायला लागली. आम्ही कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा पीत किती वेळ हसत होतो...

चहा संपल्यावर ती जे बोलली ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. म्हणाली, "हे सगळे बघतात ना शोभे, त्यांच्यासाठी नाही मी घालत. मला एकदा आईच्या दारात कोट घालून उभं राहायचंय. ती एकटी बघत नाही." हे तिला साधत नव्हतं. पुण्याची एसटी नगरला पोचली (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं) की ही स्टँडवर उतरून कोट पिशवीत कोंबायची आणि करडी ओढणी डोक्यावरून घ्यायची. सोनईत उतरायची ती अगदी माझ्यासारखी, बिस्किटाच्या रंगाची होऊन. साऱ्या पुण्याला न बिचकणारी बाई, आईच्या एका वाक्याला तीस वर्षं भीत होती. मला तिचा राग यायचा. मावशीचा तर त्याहून जास्त.

अँब्युलन्स सोनईत पोचली तेव्हा दुपार झाली होती. मी माझ्या त्या राणी रंगाच्या साडीची पिशवी छातीशी धरून उभी. उज्जूला ओसरीत ठेवलं होतं. दवाखान्याचा पांढरा कपडा होता अंगावर, आणि मला पुन्हा पुन्हा वाटत होतं की ही उठेल आणि म्हणेल, हे काय घातलंय मला? पांढऱ्यात मी तिला शाळा सुटल्यापासून पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे बाई गेली की भावकीतल्या, नात्यातल्या बायका एकेक नवी साडी आणून तिच्या अंगावर पांघरतात. रीतच आहे. नव्या साड्या घाईत आणणार कुठून, म्हणून प्रत्येकीनं आपली ट्रंक उघडली होती. हिरवी पडली, जांभळी पडली, जरीची पडली. मीही माझी टाकली. बघता बघता पांढरं सगळं झाकलं गेलं आणि उज्जू पुन्हा उज्जूसारखी दिसायला लागली. मी तिथंच खांबाला टेकून खाली बसले.

उचलायची वेळ झाली. या साड्या अंगावरच जातात, पुढं स्मशानात थोड्या काढतात, बाकीच्या चितेवर जळतात. तोवर भिंतीला टेकून गप्प बसलेली कौसामावशी उठली. पंच्याहत्तरी उलटलेली, फिक्या नऊवारीतली बाई, काका गेल्यापासून रंगाचं वस्त्र न ल्यालेली. ती लेकीजवळ बसली आणि वरची साडी काढून तिची घडी घालू लागली. मग दुसरी. मग तिसरी. बायका म्हणाल्या, कौसाबाई, राहू द्या, असं करू नये. एका जाणत्या बाईनं तिचा हात धरला. मावशीनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "एकबी जाळायची न्हाई. तिला लागत्यात."

सगळ्यांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. संजू रडायला लागला. मी मात्र खांबाला टेकून नुसती बघत राहिले, कारण साड्या कशाला लागतात हे त्या ओसरीत मला एकटीला माहीत आहे असं मी समजत होते. मावशीनं एकच हिरवी साडी लेकीच्या अंगावर ठेवली आणि बाकीचा गठ्ठा आत नेऊन ट्रंकेत ठेवला. ट्रंकेचं झाकण पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मी तिला विचारलं. तुला ठाऊक होतं, मावशी? ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, प्राचीच्या मोबाईलमध्ये सगळे कोट बघितलेत, किती वर्षं झाली. प्राचीला दम दिला होता, उज्जूआत्याला सांगायचं नाही म्हणून. मग थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिशव्या कोन भरत हुतं? मळकट साड्या मी लोकाला घातल्या. भडक तेवड्या तिच्यासाटी ठिवल्या." म्हणजे इतकी वर्षं एक आई ट्रंकेतून रंग निवडून देत होती आणि लेक तेच रंग आईपासून नगरच्या स्टँडवर लपवत होती. दोघींनाही एकमेकींची लाज राखायची होती... मी विचारलं, मग बोलली का नाहीस तिच्याशी? मावशी म्हणाली, "बोलले की. उशीर झाला जरा." याहून जास्त ती त्या दिवशी काही सांगेना.

प्राचीचं लग्न ठरल्या तारखेलाच, तेरावं उरकल्यावर, घरापुढच्या मांडवात साधेपणानं करायचं ठरलं. नाहीतर वर्षभर थांबावं लागलं असतं. त्याआधी मी आणि संजू पुण्याला जाऊन उज्जूची खोली आवरून आलो. कोट मशीनवरच पडला होता. डाव्या बाहीच्या पिवळ्या जोडाला टाचणी तशीच होती, तेवढंच शिवायचं राहिलं होतं. निघताना मावशीनं बजावलं होतं, "त्यो पिवळ्या बाह्यांचा तेवडा घिऊन ये." मला वाटलं, ट्रंकेत ठेवेल, अधूनमधून काढून बघेल. मी राहिलेली टीप माझ्या हातानं मारली, वाकडीच आली.

लग्नाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मांडवात वऱ्हाड यायला सुरुवात झाली होती, संजू दारात उभा राहून पाहुण्यांना आत घेत होता. मी आतल्या खोलीत गेले तर मावशी कोट घालत होती. फिक्या नऊवारीवर पोपटी पाठीचा, मोरपंखी पाखांचा, पंजाएवढ्या कॉलरचा कोट. विधवा बाई, भरलेला मांडव, सारी भावकी हजर, आणि ती तुटलेली चुलतआत्याही काठी टेकत आलेली. मी म्हटलं, मावशी, लोक काय म्हणतील? ती बटणं लावत म्हणाली, जायच्या आदल्या दिवशी सकाळी उज्जूचा फोन आला होता. आई, कोट घालून येऊ का, असं लहान पोरीसारखं विचारत होती.

"मग तू काय म्हणालीस?"

"ये म्हनलं. फकस्त बाह्या लांब कर म्हनलं, सकाळचा गारठा असतो."

वरून ऑर्डर आहे, असं ती मला म्हणाली होती. बाह्या मावशीच्या बोटांवरून खाली लोंबत होत्या, डावीवर माझी वाकडी टीप दिसत होती. काही तरी करायला हवं म्हणून मी त्या दुमडायला हात पुढं केला, तर तिनं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दी. तिच्या मापाच्या हायेत," मावशी म्हणाली, आणि दारात जाऊन उभी राहिली.