मलकापूरला इन्व्हर्टर बघायला

त्या रविवारी मी मलकापूरला इन्व्हर्टर बघायला गेले होते. बाबा आणि आत्या मला मुलाकडच्यांना दाखवायला गेले होते. हे मला नंतर कळलं, पण इथं आधीच लिहून टाकते, कारण तिथं जे झालं ते मला माहीत नसल्यामुळेच झालं.

मी मोताळ्याला आईबाबांसोबत राहते आणि घरूनच काम करते. इंग्रजी व्हिडिओंच्या खाली जी अक्षरं येतात, ती ऐकून लिहिण्याचं काम. बोलावं लागत नाही, ऐकावं लागतं, म्हणून मला ते जमतं. इंग्रजी शाळेत शिकल्याचा एक परिणाम असा झाला, की अनोळखी माणसासमोर कोणती भाषा काढायची हे ठरेपर्यंत तो माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. कानाला हेडफोन लावले की हा प्रश्न उरत नाही.

सुरुवातीचे काही महिने नोकरी कच्ची होती. फाइल उघडली की वेळ सुरू होते. मध्येच संपर्क तुटला तर ती फाइल दुसऱ्या कोणाकडे जाते आणि आपल्या नावापुढे एक खूण पडते. खुणा वाढल्या की काम बंद. आणि उन्हाळ्याच्या शेवटी, वारं सुटायला लागलं की मोताळ्यात लाईन जाते. आमच्याकडे वीज किंवा लाईट क्वचितच जाते, जाते ती लाईन, आणि ती कधी येईल हे कोणी विचारत नाही. माझा कॉम्प्युटर कॉलेजात असताना घेतलेला, टेबलावरचा. लाईन गेली की तो आणि वायफायचा डबा एकदमच विझायचे. मे महिना अर्धा व्हायच्या आत मला सावधगिरीच्या दोन मेल आल्या होत्या.

म्हणून मी बॅटरीचा अभ्यास सुरू केला. कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो तो लहान यूपीएस दहा-पंधरा मिनिटं ओरडत राहतो आणि मग बंद पडतो. तेवढ्यात आमची लाईन येत नाही. वायफायपुरती छोटी बॅटरी मिळते, पण मग वायफाय जिवंत आणि कॉम्प्युटर मेलेला. उरला इन्व्हर्टर. आमच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात स्वस्तातला होता. लाईन गेली की त्यावर त्यांचा पंखा घुं घुं करत फिरायचा. मी दिवसभर लोकांच्या तोंडातले पुसट शब्द पकडते, मला ती घुं घुं चालणार नव्हती. म्हणजे घुं घुं न करणारा, साइन वेव्हचा हवा, जो महाग असतो. शिवाय लाईन गेल्यावर बॅटरीवर येताना जो क्षण जातो, तो लांबला तर कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. काही यंत्रांना मागे एक बारीक बटण असतं. एका बाजूला इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. यूपीएसवर ठेवलं तर तो क्षण कॉम्प्युटरला कळत नाही. हे मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिका वाचून शोधून काढलं होतं.

एवढं सगळं मी बाबांना एका दमात सांगितलं. बाबा तहसील कचेरीत कारकून आहेत. कुठलाही कागद समोर आला की ते आधी तो पालथा करून पाहतात. ते म्हणाले, बघू. काही दिवसांनी जेवताना म्हणाले की मलकापुरात आत्याच्या शेजारी असाच इन्व्हर्टर आहे, वस्तू घ्यायच्या आधी ती वापरात असलेली पाहावी, रविवारी जाऊन येऊ. त्यांनी माझं म्हणणं मनावर घेतलं याचं मला बरं वाटलं.

संशय यायला जागा होती. आईनं मला नवा पोपटी ड्रेस घालायला लावला आणि स्वतः मात्र आली नाही. पण मुलगी बघायला मुलाकडचे येतात, मुलीला त्यांच्या घरी नेत नाहीत, हे मला माहीत होतं. थंडीत अमडापूरहून पाहुणे आले होते, ते तसेच आले होते. तेव्हा मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं आणि तीनदा ‘हो’ म्हटलं. जाताना त्यांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं होतं, की मुलीला नीट ऐकू येतं ना.

मलकापूरला बाबांच्या स्कूटरवर गेलो. आत्याकडे पाणी पिऊन लगेच शेजारी. त्या घरात काकू आणि त्यांचा मुलगा. मुलगा बँकेत आहे, हे आत्यानं दारातच दोनदा सांगितलं. मी ते कर्जाच्या संदर्भात घेतलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे एक निळसर बारीक दिवा, आणि टीपॉयवर चिवडा, बर्फी, कापलेला आंबा. इन्व्हर्टर बघायला आलेल्या लोकांसाठी हे जास्त होतं, पण आत्याचा शेजार असल्यामुळे असेल, असं मला वाटलं.

काकूंनी शिक्षण विचारलं. मी सांगितलं. स्वयंपाकाचं विचारलं, मी म्हटलं, येतो थोडा. मग त्या जरा थांबल्या, आणि मला वाटलं आता आपण विषयाला हात घातला पाहिजे. मी विचारलं, इन्व्हर्टर कुठं आहे?

तो मधल्या खोलीत जिन्याखाली होता. मी उठले, म्हणून सगळेच उठले. मी विचारत गेले आणि काकू उत्तरं देत गेल्या. किती पंखे चालतात, फ्रिज त्यावर आहे का, पंख्याचा आवाज येतो का. फ्रिज त्यावर नव्हता, ते बरोबरच होतं, फ्रिज बॅटरी खातो. आतल्या खोलीत मुलाचा कॉम्प्युटर दिसत होता. मी त्याला विचारलं की लाईन गेल्यावर तो चालू राहतो का. तो म्हणाला, नाही, बंद होऊन परत सुरू होतो, त्याची आता सवय झाली आहे.

“मेन बंद करून बघू का?” मी म्हटलं.

बाबा खोकले. आत्या काकूंकडे बघून हसली, नुसतीच. मुलानं मात्र जाऊन खटका खाली केला. पंखे क्षणभर दबले आणि पुन्हा फिरले. आतला कॉम्प्युटर काळा झाला. मी खाली बसून यंत्राच्या मागे हात घातला. तिथं बरीच धूळ होती. बटण इकोवर होतं. ते सरकवलं आणि त्याला म्हटलं की आता कॉम्प्युटर सुरू झाला की पुन्हा एकदा करून बघा. त्यानं केलं. या वेळी पडद्यावरचं चित्र हललं नाही.

खाली बसलेच होते, म्हणून बॅटरीही पाहिली. झाकणांवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या कांड्या असतात. त्यातल्या निम्म्या आत बुडाल्या होत्या.

“यात पाणी कमी आहे,” मी काकूंना म्हटलं. “असं ठेवलं तर बॅटरी लवकर जाते. कोण बघतं हे?”

काकू म्हणाल्या, “बघत असतात.” नक्की कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगा भिंतीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हसू दाबणाऱ्या माणसासारखा दिसत होता. मग आम्ही पुन्हा हॉलमध्ये जाऊन बसलो. मी हात धुवायला कुठं जाऊ, असं विचारलं. ते त्या घरातलं माझं शेवटचं वाक्य असावं.

परतताना मी स्कूटरवर मागे बसून बाबांना सांगितलं की असाच घ्यायचा, मागे बटण असलेला आणि तिथल्यासारख्या उंच, जास्त टिकणाऱ्या बॅटरीचा. वाऱ्यामुळे मोठ्यानं सांगावं लागलं. बाबा म्हणाले, “थोडं थांबू.” कशासाठी, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात ‘थांबू’ला कारण लागत नाही.

त्या थांबण्यात आणखी एक फाइल गेली. दुपारची वेळ होती, एका प्राध्यापकाचं समुद्राच्या तळाबद्दलचं व्याख्यान, शेवटची थोडी मिनिटं उरली होती आणि पंखा थांबला. संध्याकाळी तिसरी मेल आली. यानंतर एकदा जरी असं झालं तर काम चालू ठेवता येणार नाही, असं त्यात सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं. मी ती आईला मराठीत सांगितली. आई म्हणाली, “होईल सगळं.” तिला काय होईल असं म्हणायचं होतं, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

मग कुरडयांचा दिवस आला. गच्चीवर प्लास्टिक अंथरून आई सकाळीच बसली होती, मी शिजवलेला चीक सोऱ्यात भरून देत होते. आत्याचा फोन आला. आईचे हात कोपरापर्यंत चिकानं माखलेले, म्हणून तिनं मला फोन स्पीकरवर लावायला सांगितलं. मी तिथं आहे हे आत्याला माहीत नव्हतं, आणि ते सांगायला आई विसरली, किंवा तिला ते सुचलं नाही.

आत्यानं आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, “त्याइचा निरोप आला. पोरगी चांगली हाय म्हणे, दिसाले, शिकेल बी हाय. पण लय बोलते म्हणे.”

आईनं सोऱ्या फिरवायचा थांबवला. माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं.

“कोण?” ती म्हणाली. “आमची?”

“तुमचीच. मशीनले हात लावला म्हणे. आल्या आल्या मेन बंद करायले लावला. अन् बॅटरीत पाणी नाही म्हणून सांगतलं वरतून. त्या म्हणे, घरात पाय नाही टाकला तं आत्तापासून इचारते कोण बघते म्हणून.”

“आमचीच ना?” आईनं पुन्हा विचारलं.

फोन मी बंद केला. अर्धवट कुरडई प्लास्टिकवर वाळत होती. मग मी विचारलं, की मला सांगितलं का नाही.

“तुले सांगतलं असतं तं तू तोंड उघडलं असतं का?” आई म्हणाली.

नसतं उघडलं. ते खरंच होतं. थोड्या वेळानं मी इन्व्हर्टरचं विचारलं, की तो घ्यायचा होता की तेही नुसतंच निमित्त होतं. आईनं चिकाचा गोळा हातात घेतला, ठेवला. बाबांचं म्हणणं असं होतं, ती म्हणाली, की तिथं एक आहेच. “जमलं असतं तं तू तिथंच जाऊन राह्यली असती. मंग दोन-दोन कशाले?”

म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी थांबलो होतो ते हे. मी भांडं उचललं आणि आणखी चीक आणायला खाली गेले. खाली गेल्यावर स्वयंपाकघरात जरा उभी राहिले. मला राग आला होता, पण किती आणि कोणाचा, ते नीट लागत नव्हतं. शिवाय चीक गार होत होता.

बाबांनी या विषयावर माझ्याशी काही बोलणं काढलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर त्यांनी बूट काढता काढता विचारलं, “तो मागं बटण असलेला, कोणता म्हणत होती तू?” मी सांगितलं. त्या आठवड्यातच दुकानदाराचा माणूस यंत्र आणि बॅटरी घेऊन आला, वायरमन सोबत. वायरमननं विचारलं, कोणकोणते पॉइंट यावर घ्यायचे. बाबा नेहमीप्रमाणे हॉलपासून सुरुवात करतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “तिलेच विचारा.”

मी माझ्या खोलीतला कॉम्प्युटरचा पॉइंट सांगितला, वायफायचा सांगितला, मग हॉलचा पंखा, मग स्वयंपाकघरातली ट्यूब. फ्रिज नको म्हटलं. आईला ते फारसं पटलं नाही. वायरमन गेल्यावर मी मागे हात घालून बटण सरकवलं. नवं असल्यामुळे तिथं धूळ नव्हती.

जूनमध्ये नोकरी पक्की झाली. त्याची मेल अगदी छोटी होती.

नंतर एकदा दुपारी मी काम करत होते. आई फोन हातात धरून दारात उभी राहिली, बोलायच्या बाजूवर तळवा दाबून. मलकापूरच्या काकू होत्या. आत्याकडून नंबर घेतला होता. मी हेडफोन काढले. काकूंनी ते लग्नाचं काही काढलं नाही, मीही नाही. त्यांना विचारायचं होतं की बॅटरीत घरचं गाळलेलं पाणी चालतं का, आणि किती टाकायचं. मी सांगितलं, की ते चालत नाही, बॅटरीसाठीचं वेगळं पाणी दुकानात मिळतं, आणि कांडीवरची हिरवी खूण दिसली की थांबायचं, वर भरायचं नाही. त्यांनी ते एकदा म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, “कॉम्प्युटर आता बंद नाही पडत आमचा.” मी म्हटलं, “बरं झालं.”

आईनं फोन घेतला. “काय म्हणे?”

“पाणी किती टाकायचं ते विचारत होत्या.”

“सांगतलं?”

“हो.”

“जास्त नाही ना बोलली?” आई म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत निघून गेली.

मी हेडफोन लावले आणि फाइल जिथं थांबवली होती तिथून सुरू केली. पंखा फिरत होता, कानात एक बाई कापसावरच्या किडीबद्दल इंग्रजीत बोलत होती. बऱ्याच वेळानं पाणी प्यायला उठले, तेव्हा स्वयंपाकघरात इन्व्हर्टरवर नसलेला फ्रिज घरघरून सुरू झाला. त्यावरून कळलं की लाईन गेली होती, आणि आता आली.